वसईतल्या घराण्याचं मूळ चर्चच्या जुन्या रजिस्टरांत कसं शोधायचं

वसईतल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारा, तुमचं घराणं किती जुनं, उत्तर येणार पोर्तुगीजांच्या काळापासूनचं. पण पणजोबांच्या वडलांचं नाव काय म्हटलं की तिथे गाडी अडते. आणि वाईट याचंच वाटतं की ते नाव बहुतेक वेळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पॅरिशच्या कपाटात शाईने लिहिलेलं असतं, फक्त ते कसं बघायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. मी वसईची असल्याने उदाहरणं आपल्याच धर्मग्रामांची (धर्मग्राम म्हणजे पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतला भाग), पण उत्तन-भाईंदर, वांद्रे, सिंधुदुर्ग, गोवा, कुठलंही असलं तरी पद्धत तीच आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, आडनावाच्या मागे लागायचं नाही. परेरा, डिसोझा, लोपीस, डिमेलो ही आडनावं धर्मांतराच्या वेळी पाद्रींकडून किंवा धर्मपित्याकडून (गॉडफादर) आलेली, एकाच दिवशी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या पाच वेगवेगळ्या घरांना एकच आडनाव मिळू शकत होतं. त्यामुळे शेजारच्या गावातले परेरा आपले भाऊबंद असतीलच असं नाही, आणि सख्ख्या भावांची आडनावंसुद्धा जुन्या नोंदीत वेगळी सापडतात. धरून चालायचं ते गाव, आळी, घराचं नाव आणि धर्मपिता-धर्ममाता. या चार गोष्टी हातात असल्या की माणूस सापडतो.

रजिस्टर कधीपासूनचं मिळेल

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ साली लग्न आणि स्नानसंस्काराच्या नोंदी ठेवायचा नियम केला, १६१४ पासून मृत्यूच्या नोंदीही आल्या. म्हणजे नियमाने बघितलं तर वसईत सोळाव्या शतकापासूनची पुस्तकं हवीत, कारण १५३४ ला वसई पोर्तुगीजांकडे आली आणि नंतरच्या काही दशकांत नंदाखाल, सांडोर, पापडी, आगाशी अशी चर्चेस उभी राहिली. पण १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली, परदेशी मिशनरी निघून गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली, आणि त्या धामधुमीत जुनी दप्तरं गेली. त्यामुळे १७३९ च्या आधीचं काही मिळेल असं धरून चालू नका, मिळालं तर नशीब. त्यानंतरचंही प्रत्येक ठिकाणी सारखं नाही, शेजारी शेजारी असलेल्या दोन धर्मग्रामांतसुद्धा पहिल्या पुस्तकाच्या सालात मोठा फरक पडू शकतो, कुठे वाळवीने खाल्लं, कुठे छप्पर गळून भिजलं. ते ऑफिसमध्ये विचारल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात घरातून

चर्चमध्ये जायच्या आधी घरातलं सगळं गोळा करा, हे काम टाळलं तर पुढे तिप्पट वेळ जातो. आजी-आजोबा, आत्या, मावश्या, गावात राहिलेले चुलते, यांच्याजवळ बसा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा (त्यांना सांगून). प्रश्न सरळ विचारले की उत्तरं मिळत नाहीत. "पणजोबांचा जन्म कधीचा" म्हटलं की "कोण सांगणार बाबा" एवढंच येतं. त्याऐवजी विचारा की आपल्या घराला गावात काय म्हणतात, आजीचं माहेर कुठल्या आळीत, तिच्या लग्नाला मिस्सा कुठल्या चर्चला झाली, तुझा गॉडफादर कोण होता आणि तोच का, सुतकाला कोण कोण यायचं, विहिरीत वाटा कुणाकुणाचा होता. वाट्याचा प्रश्न फार कामाचा, कारण एका विहिरीचे वाटेकरी बहुतेकदा एकाच आज्याची पिल्लावळ असते.

मग कागद. जुने स्नानसंस्काराचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, फोटोच्या मागची अक्षरं, वाटणीपत्रं. दफनभूमीत जाऊन फरशांवरची नावं टिपा. आळीतले क्रूस विसरू नका, बऱ्याच क्रूसांच्या चौथऱ्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं, चुना लावून लावून अक्षरं बुजलेली असतात पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात. मुंबईकडच्या गावठाणांत तर १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले क्रूस कितीतरी आहेत.

ह्या सगळ्यातून एकच हवंय, एका माणसाचं नाव, त्याचा अंदाजे काळ आणि त्याचं चर्च. तेवढं मिळालं की पुढे.

कुठलं चर्च, हे ठरवणं

आज तुम्ही ज्या धर्मग्रामात मोडता तिथे पणजोबांची नोंद असेलच असं नाही. आजची बरीच धर्मग्रामं मोठ्या जुन्या धर्मग्रामांतून फोडून झालेली आहेत, त्यामुळे आपलं चर्च कधी स्वतंत्र झालं आणि त्याआधी आपली आळी कुठल्या चर्चला होती हे पहिल्यांदा विचारा. जुनी पुस्तकं मूळ चर्चलाच राहतात, नव्याकडे येत नाहीत.

वर धर्मप्रांतांचं (डायसिस, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग) पण आहे. वसई धर्मप्रांत १९९८ चा, त्याआधी आपण मुंबई आर्चडायसिसमध्ये होतो, आणि १९२८ च्या आधी दमण डायसिसमध्ये, जी पोर्तुगीज पाद्रोआदोखाली, म्हणजे चर्चचा कारभार बघायच्या पोर्तुगालच्या अधिकाराखाली होती. १८८६ च्या आधीचा कारभार तर गोव्याच्या आर्चबिशपशी जोडलेला. हे इतिहास म्हणून सांगत नाहीये, याचा सरळ उपयोग आहे, कारण लग्नाच्या परवानग्या, पत्रव्यवहार, तक्रारी असे कागद त्या त्या काळच्या बिशपच्या दप्तरात जायचे, म्हणजे वसईच्या माणसाचा कागद पणजीत सापडू शकतो. सिंधुदुर्गवाल्यांचंही तसंच, तो धर्मप्रांत २००५ ला पुण्यातून वेगळा झाला, आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची बरीच घरं मुळात गोव्यातून आलेली, तेव्हा दोन्हीकडे बघावं लागतं.

मुंबई आणि साष्टीकडच्यांनी आणखी एक बघायचं. १७९४ पासून तिथे दोन सत्ता शेजारी शेजारी होत्या, पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा (पोपचं मिशनचं काम बघणारं खातं). एकाच गावातले दोन भाऊ दोन वेगळ्या चर्चला जायचे असं सर्रास होतं. वांद्र्यात सेंट अँड्र्यू पाद्रोआदोचं आणि सेंट पीटर प्रोपागांडाचं, दोन्ही चालत जायच्या अंतरावर. एका ठिकाणी घराणं अचानक गायब झालं की ते मेलं किंवा गाव सोडून गेलं असं समजू नका, आधी दुसऱ्या चर्चची पुस्तकं बघा.

पॅरिश ऑफिसला जाताना

रजिस्टर हे चर्चचं खाजगी दप्तर आहे, बघायला मिळणं हा आपला हक्क नाही, हे ध्यानात ठेवून जा. रविवारी, सणाच्या आठवड्यात, लग्नाच्या सीझनला जाऊ नका. आधी प्रमुख धर्मगुरूंना भेटून किंवा पत्र देऊन सांगा की मी कोण, कुठल्या आळीचा, कुठली नावं शोधतोय, कशासाठी. पत्रात आपली माहीत असलेली वंशावळ छोटी करून जोडा, फादरना कळतं की माणूस मनापासून आलाय, जमिनीच्या भांडणासाठी नाही. काही ठिकाणी बिशप्स हाऊसची परवानगी आणा म्हणतात, ती आणायची. अलीकडच्या नोंदी तुम्हाला चाळायला देणार नाहीत आणि ते बरोबरच आहे, त्यात हयात माणसांची माहिती असते. स्वतःचा किंवा आई-वडलांचा दाखला मात्र रीतसर अर्ज करून मिळतो.

पुस्तक समोर आलं की हात धुऊन कोरडे करा, पेन बाजूला ठेवून पेन्सिल वापरा, पान बोटाला थुंकी लावून उलटू नका, चिकटलेली पानं ओढू नका. जुनी शाई लोखंडाची असते, ती कागद खाते, पान अक्षराच्या ठिकाणी जाळीसारखं तुटतं. फोटो काढायला परवानगी विचारा, मिळाली तर फ्लॅश बंद, आणि आधी पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा फोटो, मग पानाचा पूर्ण फोटो, मग आपल्या नोंदीचा. निघताना चर्चच्या कामाला काहीतरी द्या, ऑफिसमधल्या माणसाने आपल्यासाठी कपाट उपसलेलं असतं.

नोंद वाचायची कशी

इथेच बहुतेक जण घाबरून परत जातात आणि इथे घाबरायचं काहीच कारण नाही. जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये, नंतरच्या लॅटिन नाहीतर इंग्रजीत. पण पोर्तुगीज शिकायला लागत नाही, नोंदीची वाक्यं ठरलेली असतात, शंभर वर्षं तीच. पुढचे शब्द मी अक्षरं दिसतात तसे देवनागरीत लिहितेय, उच्चार जरा वेगळा असतो.

समजा अशी नोंद आहे: "आओस दोझे दे ओउतुब्रो दे मिल ओइतोसेंतोस सेतेंता ए दोइस", म्हणजे १२ ऑक्टोबर १८७२, तारीख अक्षरी. पुढे "नेस्ता इग्रेजा पारोकियाल", या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये. मग "बाप्तिझेइ सोलेमनेमेंते ए पुझ ओस सांतोस ओलेओस आ पास्कोआल", पास्कोआल नावाच्या मुलाचा विधिपूर्वक स्नानसंस्कार केला आणि पवित्र तेल लावलं. "फिल्यो लेजितिमो दे" याच्यापुढे आई-बापाची नावं, ही ओळ सोन्याची. मुलगी असेल तर "फिल्या". "नातुराएस देस्ता फ्रेगेझिया" म्हणजे दोघंही याच धर्मग्रामातले, आणि इथे दुसऱ्या गावाचं नाव आलं तर लगेच टिपा, कारण आईचं माहेर तिथे सापडतं. "फोराओ पाद्रिन्योस" याच्यापुढे धर्मपिता आणि धर्ममाता. शेवटी "ए पारा कोन्स्तार फिझ एस्ते असेंतो" आणि धर्मगुरूची सही. लग्नाला "काझामेंतो", मृत्यूला "ओबितो", अविवाहित "सोल्तेइरो", विधवा "व्हियुव्हा". काही चांगल्या धर्मगुरूंनी आजा-आजींची नावंही लिहिलीत, तिथे एका नोंदीत तीन पिढ्या मिळतात.

महिन्यांत एक खोच आहे. लिहिणारे कागद वाचवायला ७ चा आकडा आणि पुढे "ब्रो" असं लिहितात. तो जुलै नाही, सप्टेंबर. ८ ब्रो ऑक्टोबर, ९ ब्रो नोव्हेंबर, १० ब्रो डिसेंबर. नावंही आखूड करतात, फ्रान्सिस्कोचं फक्त पहिलं अक्षर, दोन मधली आणि वर छोटा "ओ", मारियाचा नुसता "म" आणि वर "आ". अक्षर कळत नसेल तर त्याच धर्मगुरूची सही आणि सोप्या नोंदी आधी वाचा, त्याचा "स" कसा, "र" कसा हे पाच-सहा नोंदींत डोळ्यात बसतं, मग अवघड पान वाचायला घ्या.

नावांचं असं की घरात जुजे, चर्चमध्ये जोझे, लॅटिनमध्ये जोसेफुस, शाळेच्या दाखल्यावर जोसेफ, माणूस एकच. इनास म्हणजे इग्नासियो, बस्त्याव म्हणजे सेबास्तियाओ, दुमिंग म्हणजे दोमिंगोस आणि लॅटिनमध्ये दोमिनिकुस, जाको लॅटिनमध्ये जाकोबुस आणि इंग्रजीत जेम्स. आपल्या घरातल्या प्रत्येक नावाची अशी यादी आधीच करून खिशात ठेवा. आणि मागची अनुक्रमणिका बघताना आडनावाने शोधू नका, बऱ्याच जुन्या पुस्तकांत ती पहिल्या नावावरून लावलेली असते.

मागे मागे जायचं

क्रम असा. माहीत असलेल्या माणसाचं लग्न शोधा. लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरीच्या आई-बापांची नावं आणि गावं असतात. तिथून वीस-पंचवीस वर्षं मागे जाऊन त्याचा स्नानसंस्कार शोधा, नोंदीत आई-बाप पटले की मग त्या आई-बापांचं लग्न, पहिल्या मुलाच्या एक-दोन वर्षं आधीपासून मागे बघत जा. लग्न, स्नानसंस्कार, लग्न, स्नानसंस्कार, अशी एकेक पायरी. उडी मारायची नाही, म्हणजे १८५० चा एक दोमिंगोस परेरा सापडला आणि आडनाव-गाव जुळतंय म्हणून तोच आपला असं जोडायचं नाही, त्या गावात तेव्हा चार दोमिंगोस परेरा असतात. लग्न आपल्या चर्चला सापडलं नाही तर नवरीच्या चर्चला बघा, रीत तीच होती.

चार दोमिंगोसमधून आपला ओळखायचा कसा? बायकोच्या नावावरून, आणि धर्मपिता-धर्ममातांवरून. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांच्या नोंदी काढा आणि फक्त धर्मपित्यांची यादी करा. त्यात नवऱ्याचे भाऊ, बायकोचे भाऊ, आजे दिसायला लागतात, कारण पहिल्या मुलांना घरचेच धर्मपिता असायचे. दोन घरं कागदावर वेगळी दिसतात पण दोन पिढ्या एकमेकांची मुलं मांडीवर घेऊन उभी आहेत, म्हणजे तिथे नातं आहे, आता ते शोधायचं. मला विचाराल तर अख्ख्या रजिस्टरात सगळ्यात बोलकी ओळ तीच आणि लोक नेमकी तीच सोडून देतात. अजून एक, लहान मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे, त्यामुळे एकाच आई-बापाचे दोन पास्कोआल दिसले तर मृत्यूचं पुस्तक उघडा.

समासात काय लिहिलंय ते कधी सोडू नका. १९०८ पासून चर्चचा नियम आहे की लग्न जिथे होईल तिथून स्नानसंस्काराच्या चर्चला कळवायचं आणि त्या नोंदीच्या बाजूला ते लिहायचं. म्हणजे १८८५ ला जन्मलेल्या मुलीच्या नोंदीशेजारी बारीक अक्षरात १९०९ ची तारीख, नवऱ्याचं नाव आणि दुसऱ्याच चर्चचं नाव असू शकतं. लग्न होऊन गेलेल्या आत्या-पणज्या एरवी वंशावळीतून पुसल्या जातात, त्या इथून परत मिळतात. सातबाऱ्यावर मुलींची नावं कित्येक वर्षं लागलीच नाहीत, चर्चच्या रजिस्टरात मात्र प्रत्येक मुलगी आहे, आईच्या नावासकट. वंशावळ काढताना मुलींच्या फांद्या पूर्ण काढा, अर्धं झाड काढून थांबू नका.

लग्नाच्या नोंदीत "दिस्पेन्सा" शब्द आला तर ती सुट्टीची गोष्ट नाही, नवरा-नवरी नात्यातले होते आणि बिशपकडून परवानगी घेतली असा अर्थ. चौथ्या पायरीचं नातं म्हणजे दोघांचे खापरपणजोबा एक, तिसरी पायरी म्हणजे पणजोबा एक. १९१८ ला चर्चचा नवा कायदा लागू होईपर्यंत चौथ्या पायरीपर्यंत परवानगी लागायची, त्यामुळे जुन्या नोंदींत हा शब्द बराच येतो, आणि जिथे पुस्तकच उरलेलं नाही तिथलं नातंसुद्धा त्यावरून बांधता येतं.

मृत्यूच्या नोंदीतल्या वयावर फार विसंबू नका, ते अंदाजाने सांगितलेलं, ६०, ७०, ८० असे गोल आकडे. पण १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं जरूर बघा. इन्फ्लुएंझाची साथ होती, एकाच घरातली माणसं लागोपाठ गेलेली दिसतात, आणि एखादं पोर मामाकडे का वाढलं, आजोबांचं दुसरं लग्न का झालं, ते तिथे कळतं.

चर्चच्या बाहेर

रजिस्टरात खंड पडला की सरकारी दप्तर. तहसील कार्यालयात गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यात आपली माणसंही आहेत. जुन्या नोंदी मोडीत असतात, मोडी वाचणारा गाठा. जुने फेरफार काढा, वारस नोंदीत अमुक मयत, वारस अमुक अमुक अशी सरळ यादीच असते, आणि पोर्तुगीज नाव मराठी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, त्यावरून घरात नाव कसं उच्चारत ते पण कळतं. शाळेचं जनरल रजिस्टर तिसरं.

गोव्याकडचं मूळ असेल तर पणजीचं पुराभिलेखागार गाठा, ते १५९५ ला सुरू झालेलं आहे, सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी तिथे १९१४ पासूनची, आणि गावच्या कोमुनिदादीत (गावच्या सामाईक जमिनीची संस्था) गांवकारांच्या, म्हणजे तिच्या मूळ हिस्सेदारांच्या, पुरुषवंशाची नोंद. फॅमिलीसर्च नावाची वेबसाईट फुकट आहे, तिच्या कॅटलॉगमध्ये आडनाव न टाकता गावाचं नाव टाकून बघा, स्पेलिंग पोर्तुगीज पद्धतीने पण टाकून बघा. काही स्कॅन घरून दिसतात, काही फक्त त्यांच्या सेंटरमधून.

लिहून ठेवताना प्रत्येक नावापुढे चर्च, पुस्तक, साल, पान लिहा, नाहीतर दोन वर्षांनी आपलंच आपल्याला पटत नाही. स्पेलिंग जसं आहे तसंच उतरवा, दुरुस्त करू नका. अंदाज असेल तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना ते प्रश्नचिन्ह काढू नका, एकदा ग्रुपवर गेलेली चुकीची वंशावळ परत येत नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा ग्रुपवर नकोत. आणि काम झालं की एक प्रिंट काढून पॅरिश ऑफिसला द्या, पानांच्या फोटोंसकट, कारण पुढच्या पावसाळ्यात ते पुस्तक आणखी भिजलं तर तुमचे फोटो त्यांनाच लागतील.